हुबळीचा कॉल

"‘रोज कोमट पाण्याने अंघोळ’ मी सोडते. तुम्ही ‘देवाशी बोलायचं राहिलंय’ टाका."

"ते नको की ओ बाई. देव म्हणंल, माळग्यानं मला बेदाण्यावर लावलं."

मी वॉर्डच्या दारातच थांबलो. शशिकलाबाई गोडखिंडी खाटेवर पाठीला उशी लावून बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीत शिवलिंग माळगे, बाजूला सिस्टर एस्तेर सातपुते. मधे जेवणाची ट्रॉली, तिच्यावर बेदाण्यांचे तीन ढीग, आणि तिघांच्या हातात पंख्यासारखे धरलेले माझ्या संशोधनाचे पत्ते.

सांगलीच्या बाहेर, तासगाव रस्त्याला ‘ओसरी’ नावाचं एक केंद्र होतं. ज्यांच्या आजारावर इलाज उरलेला नाही अशा माणसांचं दुखणं तरी कमी करायचं, त्यांचे दिवस सुखाचे जावेत असं बघायचं, हे तिथलं काम. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो आणि तिथल्या डॉ. झुबेदा मुजावरांच्या संशोधनावर मला नेमलं होतं. संशोधनाचं नाव भलतंच लांब होतं, पण प्रश्न साधा होता. शेवटच्या दिवसांत माणसाला कशाने बरं वाटतं, आणि ते त्याला आपल्या माणसांना सांगता येतं का?

त्यासाठी आम्ही पत्ते छापले होते. एकेका पत्त्यावर एकेक इच्छा. ‘मला दुखू नये.’ ‘मला सगळं खरं सांगा.’ ‘माझ्याजवळ सतत कुणीतरी असावं.’ ‘मला थोडा वेळ एकटं सोडा.’ पेशंटने एकट्याने बसून त्यांचे तीन गठ्ठे करायचे: फार महत्त्वाचं, असलं तर बरं, आणि नको. आजूबाजूला कुणी असता कामा नये, म्हणजे कुणाचा दबाव नको. हा नियम मी रोज सगळ्यांना समजावून सांगत असे. पेशंट मला ‘सर्वेवाले’ म्हणत.

"बाई, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"चॅलेंज," शशिकलाबाई म्हणाल्या. "बसा. एक हात वाटू?"

"अहो, हे एकट्याने लावायचे पत्ते आहेत."

"पत्ते आणि एकटीने? ही कसली शिक्षा?" त्यांनी ओठ एका बाजूला वाकडे केले. हसू दाबायची त्यांची ती रीत होती. "आमचा खेळ बघा तरी. आपल्या डावात एक पत्ता टाकायचा आणि तो का नकोय ते सांगायचं. कुणाला खोटं वाटलं तर त्याने म्हणायचं, चॅलेंज. मग टाकणाऱ्याने खरं सांगायचं. खोटं बोललात तर पत्ता परत उचला आणि बेदाणे द्या."

"पण खरं-खोटं ठरवणार कोण?"

"ज्याचा पत्ता, तो. आता इथे बसून खोटं बोलून कुणाला काय मिळवायचंय?"

माळग्यांनी लगेच एक पत्ता टाकला. ‘खिडकीजवळची खाट.’ "मला काय, कुठंबी झोप येतीय."

"चॅलेंज," सिस्टर एस्तेर म्हणाल्या.

माळग्यांनी मिशीवरून हात फिरवला. जतचा माणूस, उभं आयुष्य ट्रकवर गेलेलं, मिशा अजून ताठ. मग त्यांनी पत्ता परत उचलला आणि बेदाणे पुढे सरकवले. "खिडकीतनं रस्ता दिसतोय ओ. रस्ता दिसला की बरं वाटतंय. पन तिथं त्या गुरुजींची खाट हाय, त्यांस्नी कसं उठवायचं?"

गेल्याच आठवड्यात माझ्यासमोर एकट्याने बसून त्यांनी हाच पत्ता ‘नको’च्या गठ्ठ्यात ठेवला होता. मी तो तसाच नोंदवलाही होता.

मी तडक डॉ. मुजावरांकडे गेलो आणि सगळी माहिती कशी बाटली आहे ते सांगितलं. त्या उठल्या, पदर खोचला आणि वॉर्डकडे निघाल्या. आता बाईंची चांगली हजेरी घेतली जाणार म्हणून मी मागोमाग गेलो. बराच वेळ त्या उभ्या राहून खेळ बघत होत्या. मग त्यांनी स्टूल ओढलं.

"मला वाटा," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी डॉक्टर दोन मुठी बेदाणे हरल्या. जाताना मला म्हणाल्या, "निरंजन, गठ्ठे होऊ देत तुझे. पण खेळात कोण काय सोडतंय आणि कोण काय परत उचलतंय, तेही लिहीत जा." संध्याकाळी त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "अहो, न्या की! त्या गाड्यांच्या आवाजाने मी वैतागलोय." माळग्यांची खाट खिडकीशी गेली. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ती भरलेली आहे की रिकामी, हे ते आम्हाला सांगू लागले.

आठवडाभरात नवी भानगड सुरू झाली. पत्ते गायब व्हायला लागले. आधी ‘मला सगळं खरं सांगा’ गेला, मग ‘मला सगळ्यांचा निरोप घ्यायचाय’, मग ‘मी गेल्यावर काय करायचं ते मला सांगायचंय’. मी नवे छापून आणायचो, तेही जायचे. माझा संशय माळग्यांवर होता. मी त्यांच्या उशीखाली बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "सर्वेवाले, बेदानं तितं न्हाईत. डब्यात हायत."

चोर सापडला तो अगदीच वेगळा निघाला. दुपारी बाईंना डुलकी लागली होती, आणि माधवराव, म्हणजे त्यांचे यजमान, ट्रॉलीवरचे पत्ते एकेक करून वाचत होते. अतिशय सज्जन, हळू बोलणारा माणूस. हळदीच्या एका पेढीवर सगळा जन्म गेलेला. एक पत्ता त्यांनी शांतपणे शर्टाच्या खिशात घातला आणि मागे वळले, तर समोर मी.

त्यांनी माझा दंड धरून मला व्हरांड्यात नेलं.

"तिला काही माहीत नाहीये हो," ते कुजबुजले. "आतड्याला सूज आहे असं सांगितलंय मी. ताकद आली की पुण्याला पुढची ट्रीटमेंट. असले पत्ते तिच्या हातात पडले तर तिला संशय येईल. ती हाय खाईल. तुम्ही कुणाला बोलू नका. माझी विनंती आहे."

मी बोललो नाही. बोलायची वेळच आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी रक्तदाबाच्या नोंदी उतरवत होतो तेव्हा शशिकलाबाईंनीच मला बोटाने जवळ बोलावलं.

"‘मला सगळं खरं सांगा’ हा पत्ता हल्ली कुणाच्याच हातात येत नाही. ह्यांनी पळवला ना?"

मी खाली बघितलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, निरंजन. तुम्ही चॅलेंज खेळू नका." मग त्या गंभीर झाल्या. "मला काय झालंय ते मला पुण्यातच कळलंय. डॉक्टर दाराबाहेर ह्यांच्याशी बोलत होते. अहो, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्याचा पगार घेतलाय मी."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही, की तुम्हाला माहीत आहे?"

"ते खचतील. रोज येतात, ‘हो शशी, बरं शशी’ करतात, पुण्याचं तिकीट काढायच्या गोष्टी करतात. त्या आधारावर उभे आहेत." त्यांनी दाराकडे पाहिलं. "पण मला त्यांना एक गोष्ट सांगायचीय. फार जुनी. ती सांगितली की ते विचारतील, हे आत्ताच का सांगतेस? आणि त्याचं उत्तर ऐकायची त्यांची तयारी नाही."

"कसली गोष्ट?"

"तुम्हाला कशी सांगू? आधी त्यांचा मान."

असा मी दोघांच्या मधे अडकलो. एकाने सांगितलं तिला सांगू नका, दुसरीने सांगितलं त्यांना सांगू नका. डॉक्टरांशी बोललो तर त्या म्हणाल्या, "दोघं एकमेकांना वाचवतायत. आपण मधे ढकलाढकली करायची नाही. फक्त जागा करून द्यायची." जागा कशी करून द्यायची ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास माळगे गेले. पहाटे, खिडकीकडे तोंड करून. सिस्टर एस्तेर त्यांच्याजवळ होत्या. शेवटी त्रास झाला नाही म्हणाल्या.

त्या दिवशी खेळ झाला नाही. पुढच्या दुपारी शशिकलाबाईंनी पत्ते मागितले. त्यांची तब्येत उतरत चालली होती. बसताना आता दोन्ही बाजूंना उशा लागायच्या. त्यांनी पत्ते पिसले आणि स्टुलावर मोसंबी सोलत बसलेल्या यजमानांकडे पाहिलं.

"अहो, एक हात कमी पडतोय."

"मला कुठे येतं, शशी?"

"येतं. खोटं बोलायचं आणि पकडलं गेलात तर बेदाणे द्यायचे. बसा."

त्यांनी ‘बसा’ म्हटल्यावर माधवराव कधी उभे राहिले नसावेत. ते बसले. सिस्टर एस्तेर बसल्या. मी वही घेऊन कडेला थांबलो.

दोन-तीन पत्ते हसतखेळत गेले. ‘माझ्या आवडीचं जेवण’ टाकताना सिस्टर म्हणाल्या, डाएट करतेय, आणि बाकीच्या दोघांनी एकदम चॅलेंज केलं. मग माधवरावांची पाळी आली. त्यांनी हातातले पत्ते पुन्हा पुन्हा पाहिले आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटला तो टाकला. ‘माझ्या माणसांना माझ्यासमोर रडू द्यावं.’

"हा नको," ते म्हणाले. "रडण्यासारखं काही झालेलंच नाहीये."

"चॅलेंज," शशिकलाबाई म्हणाल्या.

"शशी, खेळ आहे हा."

"म्हणून तर. चॅलेंज."

सिस्टर एस्तेर उगाचच सलाईनच्या नळीकडे बघू लागल्या. माधवरावांनी पत्त्यावर हात ठेवला. तो उचलायला त्यांना फार वेळ लागला. उचलला, आणि दुसऱ्या हाताने शर्टाच्या खिशातून पळवलेले सगळे पत्ते काढून ट्रॉलीवर ठेवले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पुण्यापासून."

मग ते रडले. आवाज न करता, खांदे हलवत. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. पाठीवर हात फिरवत राहिल्या. मी बाहेर जायला वळलो तर म्हणाल्या, "निरंजन, जाऊ नका. मला साक्षीदार लागणार आहे."

माधवरावांनी डोळे पुसले.

"झालं?" बाईंनी विचारलं. "आता ऐका. आपलं लग्न व्हायच्या आधी तुम्ही रोज सकाळी पोस्टात यायचात. पेढीसाठी इरोडला ट्रंक कॉल लावायला. हळदीचा भाव विचारायचात. आणि कॉल संपला की ऑपरेटरला म्हणायचात, ‘उपकार झाले.’ आठवतं?"

"हो. का?"

"अख्ख्या सांगलीत ऑपरेटरला असं कुणी म्हणत नव्हतं. मी आतल्या एक्स्चेंजमधून कॉल जोडायचे आणि तुमचा आवाज ऐकायचे. मग एकदा तुम्ही हुबळीचा कॉल मागितलात."

माधवराव ताठ झाले. "हुबळीच्या मुलीचं स्थळ."

"हो. मुलीच्या वडिलांना होकार कळवायचा होता तुम्हाला. त्यांच्याकडे दुसरंही स्थळ आलं होतं, त्यामुळे घाई होती. हे सगळं तुम्ही काउंटरवरच सांगत होतात."

"दोन दिवस लाईन लागली नाही."

बाईंनी चादरीची कड सारखी केली.

"शशी," माधवराव म्हणाले, "लाईन लागत नव्हती ना?"

"मी लावलीच नाही."

सिस्टर एस्तेर यांच्या हातातला बेदाणा हातातच राहिला.

"मी दोन दिवस त्या पोस्टाच्या बाकावर बसून होतो!" माधवरावांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "तू... तू मला पाणी आणून दिलंस!"

"वाईट वाटलं मला. ऊन होतं फार."

"आणि त्या मुलीचं काय झालं?"

"धारवाडच्या डॉक्टरला दिली. हुबळीहून इथल्या मध्यस्थाला तसा कॉल आला, तोही मीच जोडला." ओठ वाकडे झाले. "तो लगेच लागला."

मला हसू आवरेना. मी वहीत तोंड घातलं. माधवराव मात्र हसले नाहीत. ते उठले, चप्पल पायात घातली, सोललेली मोसंबी तशीच टाकली आणि निघून गेले. जिन्यावरून त्यांची पावलं दणदण वाजत गेली.

"चिडले!" शशिकलाबाई हरखून म्हणाल्या. "पाहिलंत? दुखणं आल्यापासून पहिल्यांदा चिडले माझ्यावर!"

पण संध्याकाळ झाली तरी माधवराव आले नाहीत. रोज ते बाईंना स्वतःच्या हाताने भात भरवायचे. त्या दिवशी सिस्टरांनी भरवायला घेतला तर त्यांनी तोंड फिरवलं. दारात पाऊल वाजलं की बघायच्या. डॉ. मुजावर त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "दुखतंय का? डोस वाढवू?"

"तिथे नाही दुखत," बाई म्हणाल्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "जास्त झालं का हो माझं? मी हे न सांगताच गेले असते तर बरं होतं का?"

डॉक्टरांनी बाईंचा हात हातात घेतला आणि तो धरून बसल्या.

सकाळी माधवराव आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि वकिलासारखे बोलू लागले.

"रात्रभर विचार केला मी. बाकावर बसवलंस ते एक वेळ सोडून दे. पण नंतर तुझे मामा स्थळ घेऊन आले, तेव्हा चेहरा पाहिलेला वाटला म्हणून मी विचारलं होतं, मुलगी मला आधीपासून ओळखते का? तू समोर होतीस. तू मान हलवलीस. नाही म्हणून!"

"मग काय सांगायचं होतं? हो, ओळखते, ह्यांचं लग्न मीच मोडलंय?"

"म्हणजे दुहेरी फसवणूक!"

"आणि तुमची? आतड्याला सूज! ती कुठली फसवणूक? एकेरी?"

भांडण दुपारपर्यंत चाललं. शेजारच्या खाटेवरचे गुरुजी कान देऊन ऐकत होते. मधे जेवण झालं, भात भरवला गेला, पण तोही भांडतच. मग त्याच आवाजात बाकीचंही बोलणं निघत गेलं. पुण्याला जायचं नाही, हे बाईंनी ठणकावून सांगितलं. नळ्या लावायच्या नाहीत. इथेच राहायचं, डॉक्टर दुखू देत नाहीत, एवढं पुरे.

"आणि मी? मला साधा वरणभात येत नाही!"

"शिका. उद्या येताना कुकर आणि डाळ घेऊन या. इथे बसून शिकवते."

त्यांनी खरंच आणला. केंद्राच्या स्वयंपाकघरात माधवराव डाळ शिजवायचे, वाटीत घेऊन वर यायचे, बाई चमचाभर चाखायच्या आणि नाक मुरडायच्या. जिन्यावरून ती वाटी सांभाळत येणारे माधवराव मला अजून दिसतात. मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इतके दिवस तो तिच्याशी पेशंटशी बोलावं तसा बोलत होता. आता बायकोशी बोलतोय."

त्यानंतर मला संशोधनाच्या कामासाठी कोल्हापूरला पाठवलं. परत आलो तेव्हा शशिकलाबाईंच्या खाटेवर नवी चादर होती.

संशोधनाचा शेवटचा भाग म्हणजे मागे राहिलेल्या माणसाशी बोलणं. काही आठवडे जाऊ दिले आणि मग माधवरावांकडे गेलो. त्यांनी चहा केला. चहा बरा होता. मी प्रश्न विचारत गेलो. बाईंना दुखलं का? नाही. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं का? हो.

"तुमच्या दोघांत काही बोलायचं राहून गेलं का?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"राहिलं," ते म्हणाले. "मी तिला माफ केलं नाही."

माझं पेन थांबलं.

"मुद्दाम नाही केलं. रोज सकाळी मी गेलो की पहिला प्रश्न, ‘केलं का माफ?’ मी म्हणायचो, ‘विचार चालू आहे.’ की ती म्हणायची, ‘किती हळू विचार करता हो,’ आणि पुढे भांडण सुरू. माफ करून टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय विचारलं असतं तिने? तिला सकाळची वाट बघायला काहीतरी हवं होतं. मलाही."

"मग शेवटी?"

"शेवटच्या दिवशी तिने विचारलंच नाही. गुंगी होती औषधाची. म्हटलं, आता ताणायला नको. वाकलो आणि कानात म्हणालो, ‘शशी, आज विचारलं नाहीस. विचार ना.’ मी सांगणारच होतो, केलं म्हणून. डोळे मिटलेलेच होते तिचे. पण ओठ असे वाकडे केले आणि म्हणाली, ‘आज नको. उद्या विचारते.’"

ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"दुपारी गेली," ते म्हणाले.

मग चष्मा पुसून त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केलं. "त्या प्रश्नाला काय लिहिणार तुम्ही? राहून गेलं, हो की नाही?"

"तुम्ही सांगा."

"हो लिहा," माधवराव म्हणाले, आणि उठून कप विसळायला गेले.